घोष, अघोष, महाप्राण... हे नक्की काय असतं?

प्रश्न: भाषाविज्ञानाचा कोर्स सुरू केलाय. घोष-अघोष आणि महाप्राण या व्याख्या पाठ झाल्यात पण डोक्यात काही शिरत नाहीये. सोप्पं करून सांगाल का?

उत्तर: व्याख्या ठेवा बाजूला, बोट गळ्यावर ठेवा. आता स्स्स् असं लांबवून म्हणा, काही जाणवणार नाही, मग जीभ, दात सगळं तसंच ठेवून भुंग्यासारखा गुणगुणता आवाज काढा, लगेच बोटाला थरथर लागेल. ती थरथर स्वरतंतूंची, म्हणजे गळ्यातल्या आवाज काढणाऱ्या पडद्यांची. ती असली की घोष, नसली की अघोष, बास. प अघोष, ब घोष, ओठ दोन्हीला सारखेच मिटतात. (कुजबुजताना स्वरतंतू थरथरतच नाहीत, करून बघा.)

महाप्राण म्हणजे जास्तीची हवा. तोंडासमोर तळहात धरून क म्हणा, मग ख, ख ला हवेचा झोत हाताला लागतो. घ मध्ये थरथरही आहे आणि हवाही, म्हणून घोष महाप्राण. इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो कारण घोष आणि महाप्राण एकच समजतात, तर तसं नाहीये, दोन वेगळी बटणं आहेत.

अनुनासिक म्हणजे ज्यात हवा नाकातून जाते, ते सोपं, म्म्म् म्हणता म्हणता नाक दाबा, आवाज बंद.

आणि आपली वर्णमाला नुसती पाठ करू नका हो! क, च, ट, त, प म्हणताना हवा कुठे अडते बघा, घशाकडून निघून ओठांपर्यंत येतो आपण. प्रत्येक ओळीत क्रमही तोच, आधी दोन अघोष, मग दोन घोष, शेवटी अनुनासिक. परीक्षेत अर्धा तक्ता यावरूनच काढता येतो.