'वैद्यकीय गांजा' म्हणावं का?

चाकणच्या एका कारखान्यात मनुष्यबळ विभागात काम करणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे. कंपनीच्या परदेशी मुख्यालयाकडून आलेलं धोरण त्यांना मराठीत आणायचं आहे. डॉक्टरांच्या सांगण्यावरून कॅनाबिस घेणारे रुग्ण कामावर असतील तर काय करायचं, असा त्यात एक परिच्छेद आहे. ताईंनी 'वैद्यकीय गांजाचे सेवन करणारे कर्मचारी' असं लिहिलं आणि युनियनचे लोक चिडले. आयुर्वेदात याला विजया म्हणतात, असंही कुणी सांगितलं. भांग, गांजा, विजया हे एकच का, आणि धोरणात काय लिहावं, असं त्या विचारतात.

ताई, युनियनचं चिडणं रास्त आहे. तुमच्या त्या पाच शब्दांपैकी दोन बदलायला हवेत, 'गांजा' आणि 'सेवन'.

आधी गांजा. झाड एकच, कॅनाबिस. पण माल हातात आला की मराठी तीन शब्द वेगळे ठेवते. पानं ती भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचे शेंडे तो गांजा आणि राळ काढली की चरस. ही विभागणी नुसती बोलण्यातली नाही. अंमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या केंद्रीय कायद्यातही चरस आणि गांजा यांच्या वेगळ्या व्याख्या आहेत आणि शेंड्यांशिवायची पानं व बिया गांजाच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. म्हणून भांग मोकळी, असं मात्र समजू नका. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने तिच्यावर बंधनं आहेतच. मुद्दा एवढाच की गांजा हे झाडाच्या एका भागाचं नाव आहे, सगळ्या औषधांचं नाही.

धोरण परदेशातून आलंय म्हणून आणखी एक उदाहरण देतो. अमेरिकेत २०१८ मध्ये एपिडायोलेक्स नावाचं औषध मान्य झालं, लहानपणी सुरू होणाऱ्या अपस्माराच्या दोन अवघड प्रकारांसाठी. त्यात याच वनस्पतीतला सीबीडी (कॅनाबिडिओल) हा घटक असतो. झिंग आणणारा घटक टीएचसी, तो वेगळा. अपस्माराच्या रुग्णाला मोजून दिलेल्या या पातळ औषधाला गांजा म्हणणं म्हणजे त्या माणसावर अन्याय आहे, आणि भाषेवरही. (ओघात सांगतो, 'रंजले गांजले' मधल्या गांजण्याशी या गांजाचा संबंध नाही. ते गांजणं म्हणजे छळणं.)

आता विजया. हा शब्द जुना आहे, आयुर्वेदाच्या ग्रंथांतून आलेला आणि वैद्यांच्या रोजच्या वापरातला. पण इथे तो भांगेचाच पर्याय आहे, कुठल्या सौम्य, निराळ्या वनस्पतीचं नाव नव्हे. माझ्या मावशीला कर्करोगाच्या दुखण्याने रात्र रात्र झोप नव्हती. सदाशिव पेठेतल्या वैद्यांनी चिठ्ठीत विजया लिहिलं. मावशीने विचारलं, "विजया म्हणजे दसऱ्याची का हो?" वैद्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि सरळ सांगितलं, "नाही आजी, ही भांगच आहे. पाण्यात धुऊन, वाळवून, गाईच्या तुपात परतून शुद्ध केलेली. मी सांगेन तेवढीच घ्यायची." मावशी थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "मग तसं लिहा की." त्यांनी चिठ्ठीवर विजयापुढे कंसात भांग लिहिलं. मला तो कंस फार मोलाचा वाटतो. नुसतं विजया लिहिलं असतं तर ते झाकणं झालं असतं.

भांग हा शब्द लाजण्यासारखा नाहीच. 'भङ्ग' अथर्ववेदात आहे. पाणिनीने तीळ, उडीद, जवस यांच्या शेतांना काय म्हणावं ते सांगितलं, त्याच सूत्रात भांगेच्या शेताला 'भङ्ग्य' किंवा 'भाङ्गीन' म्हणावं असंही सांगितलं. शेतातल्या चार पिकांसारखं एक पीक! आयुर्वेदाचे जुने ग्रंथकार शार्ङ्गधर यांनी व्यवायी द्रव्यांची उदाहरणं म्हणून भांग आणि अफू दिली आहेत. व्यवायी म्हणजे जे आधी सगळ्या अंगात पसरतं आणि मग पचतं. इतकं नेमकं निरीक्षण एका शब्दात बसवलेलं पाहिलं की मला भरून येतं.

दुसरा शब्द सेवन. मुळात तो स्वच्छ आहे, वैद्यकाच्या पुस्तकांत औषधाचं सेवनच करतात. पण मद्यसेवन, तंबाखूसेवन, 'अंमली पदार्थांचे सेवन करताना पकडले' असं वर्षानुवर्षं वाचून आता सूचनाफलकावर तो आरोपासारखा दिसतो. कुणी क्रोसिनचं सेवन करतो असं म्हणत नाही. कामगार औषध घेतो, त्याचे उपचार चालू असतात. तेच लिहा.

आता ज्याच्यावर सगळं धोरण उभं आहे तो शब्द, अंमल. अरबीतून आला, मराठीत सत्ता या अर्थाने रुजला. पेशव्यांचा अंमल, पोलीस अंमलदार, अंमलबजावणी. पदार्थाची शरीरावर सत्ता चालते तेव्हा माणूस त्याच्या अंमलाखाली असतो. लघवीच्या चाचणीत जे सापडतं ते अंमल नव्हे, तो अंश. टीएचसीचे अवशेष नेहमी घेणाऱ्याच्या शरीरात कित्येक दिवस, कधी आठवडेही राहतात. अंश सापडला म्हणून त्या पाळीत तो माणूस अंमलाखाली होता असं ठरत नाही. तुमच्या मसुद्यात 'चाचणीत दोषी आढळल्यास' असं आहे, ते काढाच. चाचणीत अंश आढळतो, दोष चौकशीत ठरतो.

आणि सुरक्षिततेसाठी मराठीने आपल्याला किती बारीक शब्द दिलेत बघा! गुंगी, झिंग, कैफ, तार, तंद्री. प्रेसवर किंवा फोर्कलिफ्टवर बसणाऱ्याच्या बाबतीत यातला गुंगी हा शब्द सगळ्यांत महत्त्वाचा, कारण गुंगी सर्दीच्या गोळीनेही येते. १९८५ च्या कायद्याचं मराठी नावच 'गुंगीकारक औषधी द्रव्ये' असं सुरू होतं. नियम गुंगीवर बेतला तर तो सगळ्यांना सारखा लागू होतो, एकट्या कर्करोगाच्या रुग्णावर बोट ठेवलं जात नाही.

तुमच्या मसुद्यातल्या 'मार्गदर्शनाखाली' ऐवजी 'देखरेखीखाली' घ्या. मार्ग दाखवणारा दाखवून निघून जातो, देखरेख करणारा परत येऊन बघतो. भांग असलेल्या आयुर्वेदिक औषधांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणं नियमाने बंधनकारक आहे, तेव्हा हा शब्द तुमच्या कामगारांनी डबीवर वाचलेलाही असेल.

माझा मसुदा असा :

'नोंदणीकृत डॉक्टर किंवा वैद्य यांच्या देखरेखीखाली भांगयुक्त (विजयायुक्त) किंवा गुंगी आणणारे कोणतेही कायदेशीर औषध घेत असलेल्या कामगाराने तसे कंपनीच्या डॉक्टरांना कळवावे. औषधाचा अंमल असेतोवर त्याला यंत्रावर काम देऊ नये. ही माहिती डॉक्टरांपाशीच राहील.'

शेवटचं वाक्य तुमच्या मूळ धोरणात आहे की नाही ते तुम्ही कळवलेलं नाही. नसेल तर वरिष्ठांकडे मागा. त्याच्याशिवाय 'कळवावे' हा शब्द कुणी पाळणार नाही.