सूट नको, सोय मागा

गडहिंग्लज तालुक्यातील एका आईचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी कोल्हापुरात बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला शिकते, राजारामपुरीत मावशीकडे राहते आणि लहानपणापासून दोन्ही कानांनी कमी ऐकू येत असल्याने मशीन वापरते. महाविद्यालयातील सगळी माणसे चांगली आहेत, असे त्या आवर्जून लिहितात. तिला त्रास नको म्हणून गटप्रकल्पाच्या सादरीकरणातून तिला वगळले, क्षेत्रभेटीला आली नाही तरी चालेल असे सांगितले आणि एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) हिवाळी शिबिराच्या यादीत तिचे नाव घातलेच नाही. या सवलती घेऊन तो वेळ बँकेच्या परीक्षांच्या तयारीला द्यावा का, असा त्यांचा प्रश्न आहे. पत्राच्या तळाशी वेगळ्या शाईत मुलीने स्वतः एक ओळ लिहिली आहे : ‘मला शिबिराला जायचे होते.’

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. त्यात ‘सूट’ हा शब्द सहा वेळा आला आहे आणि ‘सोय’ हा शब्द एकदाही नाही. माझे सारे उत्तर या दोन शब्दांतल्या अंतरावर उभे आहे. सूट देणारा म्हणतो, ‘तुला हे करावे लागणार नाही’. सोय करणारा म्हणतो, ‘तुला हे करता यावे म्हणून आम्ही काय बदलू?’ लांबून पाहिले तर दोन्हींत सारखाच चांगुलपणा दिसतो, परंतु सूट देणाऱ्याला यादीतले एक नाव खोडण्यापलीकडे काही करावे लागत नाही, आणि सोय करणाऱ्याला मात्र थोडा विचार व थोडी धावपळ करावी लागते. तुमच्या मुलीच्या वाट्याला आजवर सूटच आली आहे.

खरे तर कोल्हापुरात हा फरक नव्याने सांगावा लागू नये. खेड्यातून शिकायला येणाऱ्या मुलाची अडचण बुद्धीची नाही, राहण्या-जेवणाची आहे, हे राजर्षी शाहू महाराजांनी ओळखले आणि १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून येथे वसतिगृहांची जी मालिका सुरू झाली, ती त्या अडचणीवरची सोय होती. त्या बोर्डिंगना जातिधर्मांची नावे होती आणि त्यावर स्वतंत्रपणे पुष्कळ बोलता येईल. परंतु दसरा चौकातून जाताना त्या इमारतींकडे पाहिले, की ‘लांबून येतोस, तर नको शिकूस’ असे कोणी म्हटले नव्हते, एवढे तरी लक्षात येते.

कायद्यानेही हीच बाजू घेतली आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा शासनाच्या अनुदानावर किंवा मान्यतेवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थांना सांगतो, की दिव्यांग विद्यार्थ्यांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा, खेळ आणि करमणुकीच्या उपक्रमांतही इतरांच्या बरोबरीने संधी द्यावी आणि ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे योग्य त्या सोयी कराव्यात. म्हणजे शिबिराच्या यादीत नाव असणे ही कोणाची मेहेरबानी नव्हे. त्याशिवाय, राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आलेल्या पदवीच्या नव्या रचनेत क्षेत्रप्रकल्प, समुदायातील काम आणि एनएसएससारखे उपक्रम यांना श्रेयांक (क्रेडिट) आहेत. त्यामुळे आज ‘नाही आलीस तरी चालेल’ असे म्हणणाऱ्यांनी ते श्रेयांक ती कशी मिळवणार, याचेही उत्तर दिले पाहिजे. ते तुम्ही अवश्य विचारा. भांडणाच्या सुरात विचारण्याची मात्र गरज नाही.

आता सोय म्हणजे नेमके काय, हे सांगतो, कारण ‘सोय’ म्हटले की लोकांना खर्च दिसतो. कानाचे मशीन आवाज मोठा करते, पण हवा तेवढाच आवाज पुरता निवडू शकत नाही. वर्गातल्या पंख्याची घरघर, बाक सरकल्याचा आवाज आणि मागच्या रांगेतली कुजबुज हे सारे सरांच्या आवाजाबरोबरच मोठे होऊन कानात शिरते. उरलेला अर्थ ती ओठांवरून लावते, आणि सर फळ्याकडे तोंड करून बोलू लागले, की तो आधारही जातो. खिडकी शिक्षकांच्या पाठीमागे असेल तर त्यांचा चेहरा काळोखात जातो आणि ओठ दिसत नाहीत. म्हणून उजेड शिक्षकांच्या तोंडावर पडेल अशा बाजूची दुसऱ्या रांगेतली जागा तिच्यासाठी कायमची ठरवून घ्यावी. गटात काम करताना गोल बसावे, एका वेळी एकानेच बोलावे आणि बोलण्याआधी हात वर करावा, म्हणजे कोणाकडे पाहायचे हे तिला कळते. जे ठरले ते कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून टाकावे. बोलणे ऐकून लिहून दाखवणारी मोबाइलमधली सोय मराठीतही चालते, पण गोंगाटात ती गडबडते, तेव्हा सगळा भार तिच्यावर टाकू नये. या साऱ्याला एक रुपयाही लागत नाही, आणि गोल बसून एकेकाने बोलल्याने मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या चांगले ऐकू येणाऱ्या दोन-तीन मुलांचाही फायदा होतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

बँकेच्या तयारीविषयी तुम्ही विचारले आहे, आणि येथे मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका मुलाला मी सल्ला दिला होता, की गॅदरिंग, सहली, शिबिरे हे सारे बाजूला ठेव आणि पुस्तकात डोके घाल. त्याने ते ऐकले. लेखी परीक्षा तो चांगल्या गुणांनी पास झाला आणि शाखेत रुजू झाला. काउंटरच्या काचेपलीकडून ग्राहक मान खाली घालून फॉर्म भरता भरता बोलायचे, आणि ‘कृपया माझ्याकडे बघून बोला, मला कमी ऐकू येते’ एवढे वाक्य त्याच्या तोंडून निघत नसे. तीन वर्षांच्या महाविद्यालयात ते म्हणण्याची वेळच त्याच्यावर आली नव्हती, कारण जिथे जिथे ती आली असती, तिथून आम्ही सर्वांनी मिळून त्याला सोडवले होते. नोकरी त्याने टिकवली, पण पहिले वर्ष फार कठीण गेले, आणि त्यातला माझा वाटा मी विसरलेलो नाही.

सरकारी आस्थापनांत आणि राष्ट्रीयीकृत बँकांत दिव्यांगांसाठी ४ टक्के जागा राखीव असतात आणि त्यांतली १ टक्का कर्णबधिर व कमी ऐकू येणाऱ्यांसाठी असते. त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र, अजून काढले नसेल तर या सुट्टीतच काढून घ्या. राखीव जागा दारातून आत नेते. आत गेल्यावर काचेपलीकडच्या ग्राहकाशी बोलायचे तिलाच असते.

याचा अर्थ तिने प्रत्येक उपक्रमात उडी घ्यावी असा नाही. दिवसभर मशीन लावून आणि ओठ वाचून ऐकणे हे कष्टाचे काम आहे. संध्याकाळी डोके दुखते, चिडचिड होते, आणि घरच्यांना वाटते की पोरगी अलीकडे तोंड फुगवून बसते. म्हणून वर्षाला एक उपक्रम, पण तो पुरता करावा. कोणीतरी भल्या मनाने सुचवेल, की हिला युवा महोत्सवात मूकनाट्यात घाला, तिथे ऐकायला नको. तिला मूकनाट्य आवडत असेल तर जरूर करावे, परंतु तिच्या कानांवरून तिची आवड ठरवू नका. तिने स्वतः एक गोष्ट लिहूनच कळवली आहे. तीच धरा.

ताई, एक गोष्ट थोडी कठोर वाटेल. इतकी वर्षे तुम्ही तिचे कान झालात. दवाखान्यात, शाळेत, एसटीच्या खिडकीशी तिच्या वतीने तुम्हीच बोललात, आणि ते करणे भागच होते. पण प्राचार्यांना द्यायचा अर्ज यावेळी तिला लिहू द्या आणि भेटायला तिला एकटीला जाऊ द्या. अर्जात आजाराचा इतिहास नको; चार ओळी पुरेत : बसण्याची जागा, तोंडी सूचना लेखीही मिळाव्यात, सादरीकरणानंतरचे प्रश्न लिहून विचारावेत आणि गटप्रकल्पात, क्षेत्रभेटीत व शिबिरात तिचे नाव असावे. कोणी टाळाटाळ केली तर महाविद्यालयातील समान संधी कक्षाकडे जाता येईल, आणि तेव्हा तुम्ही तिच्यासोबत अवश्य जा.

आणि आता तुझ्यासाठी, कारण ती ओळ तू लिहिलीस. एनएसएसची नोंदणी दोन वर्षांची असते, वर्षाला १२० तास नियमित काम आणि त्यांखेरीज सात दिवसांचे निवासी शिबिर. यंदाचे शिबिर गेले, पुढच्या हिवाळ्यातले आहे. यादी लागण्याची वाट पाहू नकोस. दिवाळीच्या सुट्टीआधीच कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेट आणि तुला काय लागते ते आपणहून सांग. रात्री मशीन काढून झोपलीस की तुला हाका ऐकू येणार नाहीत, म्हणून शेजारी झोपणाऱ्या मैत्रिणीला पहिल्याच दिवशी सांगून ठेव, की उठवायचे असेल तर खांदा हलव. अंधारात ओठ दिसत नाहीत, तेव्हा बॅटरी जवळ असू दे. श्रमदानात घाम आणि धूळ मशीनमध्ये जाते. खोदकामाच्या वेळी ते काढून डबीत ठेवलेस तर गटप्रमुखाला तसे आधी सांग आणि हाताच्या दोन-तीन खुणा ठरवून घे. मशीनचे सेल मात्र मोजून दुप्पट ने, गावातल्या दुकानात ते मिळणार नाहीत, आणि त्यांच्यावरची चिकटपट्टी वापरायच्या वेळेपर्यंत काढू नकोस.