इंग्रजी आणि उझबेक भाषांत शब्द घडवण्याच्या पद्धतीत नेमका काय फरक आहे?

मुख्य फरक प्रत्ययांचा. उझबेकमध्ये मूळ शब्द शाबूत ठेवून मागे एकेक प्रत्यय जोडत जातात. ‘इश’ म्हणजे काम, ‘इशसिझ’ बेकार, ‘इशसिझलिक’ बेकारी. इंग्रजीत ‘अनएम्प्लॉयमेंट’मध्ये पुढेही जोड, मागेही. शिवाय इंग्रजीत ‘ऑइल’ हेच नाम आणि हेच क्रियापद. उझबेकमध्ये ‘मोय’चं (तेल) क्रियापद करायला ‘ला’ लावावाच लागतो: ‘मोयलामोक’.

उपसर्ग उझबेकमध्ये आहेत, पण बहुतेक फारसीतून आलेले. ‘बेअदब’ तर आपल्यालाही कळतो! आणि ‘इशची’ म्हणजे कामगार. हा ‘ची’ मला फार आवडतो, कारण आपल्या ‘तोपची’, ‘मशालची’मध्ये तोच तुर्की प्रत्यय फारसीमार्गे येऊन बसलाय.