गावाच्या वरच्या मातीच्या बांधाच्या पायथ्याशी पाणी झिरपतं. यंदाच्या पावसात धोका आहे का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की गावाच्या वर नाल्यावर पूर अडवायला बांधलेला सात-आठ मीटर उंचीचा जुना मातीचा बांध आहे, पाळीवर बाभळी माजल्या आहेत आणि पायथ्याशी बारमाही ओल असते. न पाहता 'काही होत नाही' असं मी म्हणणार नाही. पण यवतमाळ आणि वर्धा जिल्ह्यात अशाच लहान तलावांवर शाखा अभियंता म्हणून माझी नोकरी गेली, त्यामुळे काय पाहायचं ते नक्की सांगू शकतो.

मातीचा बांध झिरपतोच. आत काळ्या मातीचा गाभा, बाहेरून मुरमाचं आवरण आणि पायथ्याशी दगडांची गाळणी अशी त्याची रचना असते. झिरपलेलं पाणी त्या दगडांतून निघून जावं म्हणूनच ती गाळणी असते. तेव्हा नुसत्या ओलीने घाबरू नका. पाण्याचा रंग पाहा. पाणी निवळशंख असेल तर फक्त पाणी बाहेर येतंय. गढूळ असेल तर पाळीच्या पोटातली माती बाहेर येतेय. मग पायथ्याकडून तलावाकडे आत आत पोकळी तयार होत जाते. आम्ही तिला पायपिंग म्हणतो. सुरुवातीला हे हळूहळू चालतं, पण पोकळी तलावाच्या पाण्याला भिडली की काही तासांत पाळ जाते.

काचेच्या बाटलीत ते पाणी भरा आणि अर्धा तास स्थिर ठेवा. तळाशी गाळ बसतो का ते पाहा. जिथून पाणी वाहतं तिथे बादली लावून ती किती वेळात भरते ते वहीत लिहा, सोबत तलावाची पातळीही लिहा. तलाव भरला की झिरपा वाढणारच. पण पातळी तीच असताना बादली लवकर भरू लागली, किंवा जिथे कधी ओल नव्हती तिथे पाणी उमटलं, तर तो इशारा समजा.

एका तलावावर ऑगस्टच्या रात्री पायथ्याशी भात शिजल्यासारखं पाणी उकळ्या घेत वर येत होतं आणि सोबत बारीक रेती आणत होतं. गावकरी धावले आणि टोपल्यांनी काळी माती आणून ते भोक बुजवू लागले. मी ते हात जोडून थांबवलं. बाहेरच्या बाजूने भोक बुजवलं की दाब आत साठतो आणि पाणी दुसरीकडून फुटतं. अशा वेळी पाणी जाऊ द्यायचं आणि माती अडवायची असते. आम्ही उकळीवर आधी जाडी वाळू टाकली, तिच्यावर बारीक गिट्टी, वर मोठे दगड. पहाटेपर्यंत पाणी निवळलं. माती किंवा ताडपत्री टाकायचीच असेल तर ती तलावाच्या, म्हणजे पाण्याच्या बाजूने. विमोचकाचं, म्हणजे तलावातलं पाणी बाहेर सोडायच्या मोरीचं, दार उघडायचं तर हळूहळू उघडा. पाणी झटक्यात उतरलं तर पाळीचा तलावाकडचा ओला उतार घसरतो.

झिरप्याइतकाच घातक म्हणजे अडलेला सांडवा. पाळीवरून पाणी गेलं की मातीचा बांध वाचत नाही, आणि ते पाळीवरून जाऊ नये यासाठीच सांडवा आहे. हरभऱ्याला दोन पाणी जास्त मिळावीत म्हणून लोक सांडव्यावर दगड-मातीचा थर चढवतात. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून जाळी बांधतात, तिच्यात पालापाचोळा अडकतो. दोघांची गरज खरी आहे, पण तुमचा बांध पुरासाठी आहे, त्याच्या पोटात जागा रिकामी असली पाहिजे. मृगाच्या आधी सांडवा मोकळा करून घ्याच.

बाभळींबद्दल: मोठं झाड नुसतं तोडून सोडू नका. मुळं कुजली की पाळीत पोकळ नळ्या राहतात. लहान रोपटी मुळासकट उपटून खड्डे मातीने ठोकून भरा, मोठ्या झाडांचं अभियंत्याला विचारून ठरवा. मे महिन्यात काळ्या मातीला भेगा पडतात. त्यातली पाळीला आडवी, म्हणजे तलावाकडून गावाकडे जाणारी भेग सगळ्यात वाईट. ती आणि उंदीर-घोरपडीची बिळं पहिल्या पावसाआधी बुजवा. गाळ काढायला जेसीबी आला तर पाळीच्या पायथ्याशी खोदू देऊ नका. अभियंत्याकडून फक्कीने रेघ मारून घ्या.

आता कार्यालयाचं. 2021 चा धरण सुरक्षा कायदा 15 मीटरपेक्षा उंच धरणांना आणि काही अटींत बसणाऱ्या 10 ते 15 मीटरच्या धरणांना लागू आहे. तुमचा बांध त्यात येत नाही. म्हणून तक्रार तोंडी ठेवू नका. 100 हेक्टरपर्यंत सिंचनाचे तलाव साधारणपणे जिल्हा परिषदेकडे असतात. ग्रामपंचायतीचा ठराव, फोटो आणि तुमची वही जोडून तिथे अर्ज द्या, एक प्रत तहसीलदारांना द्या, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटलं, 20 हून अधिक माणसं गेली. गळतीबद्दल गावकरी आधीच सांगत होते. नंतर खेकड्यांनी धरण पोखरलं म्हणून खापर त्यांच्यावर फोडलं गेलं. 30 जुलै 1991 ला वर्धा नदीच्या पुराने नागपूर जिल्ह्यातलं मोवाड गाव उद्ध्वस्त केलं, ते आपल्याकडच्या जुन्या माणसांना आजही आठवतं. तुमच्या गावात नाल्याकाठी कोणाची घरं आहेत, रात्री त्यांना कोण उठवणार आणि ती कुठल्या उंचवट्यावर जाणार, हे आजच ठरवा. पाणी गढूळ झालं किंवा पाळ खचताना दिसली तर अधिकाऱ्याची वाट पाहू नका. आधी ती घरं रिकामी करा, मग 1077 वर जिल्हा नियंत्रण कक्षाला कळवा.

बाटलीतल्या पाण्याचा आणि पायथ्याचा फोटो इथे टाका, मी पाहून सांगतो.