गुरूची विद्या गुरूलाच

प्रश्न : ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांतल्या सिथ या दुष्ट पंथात शिष्यच गुरूला मारतो. मग पंथ बुडत कसा नाही? – एक वाचक, गिरगाव

उत्तर : बुडत होता तो आधी, सिथ पुष्कळ होते तेव्हा. चार दुबळे शिष्य मिळून एका बलवान गुरूला संपवायचे आणि मग आपसात भांडायचे. दर खुनानंतर गादीवर आधीपेक्षा कच्चा माणूस. डार्थ बेन या सिथ गुरूने त्यावर तोड काढली : एका वेळी दोघेच. गुरूकडे सत्ता, शिष्याला तिची हाव. टोळी करायला तिसरा नाही, त्यामुळे गुरूपेक्षा वरचढ झाल्याशिवाय शिष्याचा हात पोचत नाही. खून साधला म्हणजे परीक्षा पास. शिवाय दोघांना लपणं सोपं; सिथ संपले, असं त्यांचे वैरी जेडाय हजारएक वर्षं धरून चालले.

खोट एकच, पण मोठी. गुरू म्हातारा होईपर्यंत शिष्य नुसता थांबला, तर तो वरचढ ठरत नाही, फक्त तरुण ठरतो. आणि झोपेत मारलं तर? डार्थ प्लेगस या सिथ गुरूला शिष्याने तसंच मारलं, तेही सगळी विद्या घेऊन झाल्यावर. आमच्या मते ते नियमात बसतं. शिष्यासमोर निर्धास्त झोपणारा गुरू नापासच.

तो शिष्य म्हणजे सिडियस. नियम खरा वाकवला त्याने. त्याला वारस नकोच होता, हवा होता चाकर. २००५च्या चित्रपटात तो अनाकिन या तरुण जेडायकरवी आपलाच शिष्य डूकू याला मारवतो आणि जिंकलेल्याला ठेवून घेतो; तोच पुढे व्हेडर. १९८३च्या चित्रपटात व्हेडर आणि त्याचा मुलगा ल्यूक यांच्यात तोच डाव. डूकूची हस्तक व्हेंट्रेस डोईजड होऊ लागली, तेव्हा तिचा काटा काढायचा हुकूमही त्याचाच, कारण दोघं मिळून एकावर आले की जुना रोग परत. व्हेडरही काही कमी नाही : १९८०च्या चित्रपटात तो ल्यूकला बादशहाविरुद्ध, म्हणजे सिडियसविरुद्धच, फितवू पाहतो. अखेर त्याने सिडियसला मारलं ते मुलाला वाचवायला. गादी रिकामीच राहिली.

प्रश्न : अशाच एका दुष्ट पंथावर एकांकिका लिहितो आहे. गुरूचा खून पटत नाही, असं सगळे म्हणतात. – विद्यार्थी, परळ

उत्तर : बहुधा तुमचा शिष्य सूड घेतो आहे. अपमान, मारहाण, मेलेली बहीण असलं काही असेल तर काढून टाका. सूड कुणीही घेतो, त्याला पंथ लागत नाही. त्याऐवजी गुरूने राखून ठेवलेली एकच विद्या ठरवा. ती मिळेपर्यंत शिष्य मारू शकत नाही आणि ती दिली की गुरूची गरज संपते, हे दोघांनाही पहिल्या प्रवेशापासून ठाऊक असू द्या. मग साधा चहा पुढे केला तरी प्रेक्षक कपाकडे बघत बसतील. गुरूलाही मूर्ख करू नका, त्याने निदान एक वार आधीच ओळखून परतवलेला दिसायला हवा. खून मात्र झटपट उरका. आणि दारात नवा शिष्य येऊन उभा राहतो, हा शेवट टाळा. परीक्षक तो ओळखूनच बसलेले असतात.