कपाटातला कॅमेरा

प्रश्न : मुलाला बारावी सायन्सला ८४ टक्के आहेत. इंजिनिअरिंग नको, फोटोग्राफी करायची म्हणतो. दर रविवारी आमच्या जुन्या वस्तीत जाऊन विड्या वळणाऱ्या बायकांचे फोटो काढतो. माझ्या आईनं विड्या वळूनच मला शिकवलं. तिथून बाहेर पडण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. कॅमेरा मी कपाटात बंद केलाय. त्याला समजवा.
– एक पालक, सोलापूर

उत्तर : मला टक्क्यांची नाही, त्या कुलपाची काळजी वाटली. आईच्या विड्यांबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत. मुलाला एवढं तरी कधी सांगितलंत का? मला वाटतं, नसावं. म्हणून तो दर रविवारी तिथं जाऊन स्वतःच शोधतोय. तुम्हाला लपवावंसं वाटतं, तेच त्याला जवळून पाहायचंय. यात तुमचा अपमान कुठेही नाही.

असे फोटो म्हणजे 'गरिबी दाखवून नाव कमवायचं' असा तुमचा गैरसमज असेल, तर तो मात्र काढून टाका. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार भागात बोहाड्याचे, म्हणजे मुखवटे घालून देवदेवतांची सोंगं नाचवायच्या उत्सवाचे, मुखवटे घडवणारे कोकणा आणि वारली कलाकार आहेत. छायाचित्रकार गौरी गिल यांनी २०१५ पासून त्यांच्याबरोबर काम केलं. देवदेवतांऐवजी रोजच्या जगण्यातली माणसं, प्राणी, वस्तू यांचे मुखवटे करायला सांगितले. ते घालून गावकऱ्यांनी आपल्याच रोजच्या जागांमध्ये प्रसंग उभे केले. आपण कसं दिसायचं, यात त्यांचाही हात होता. मुंबईच्या सफाई कामगारांचं जगणं वर्षानुवर्षं टिपणाऱ्या सुधारक ओलवे यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. पण त्यांनी वृत्तपत्रात नोकरीही केली, हे मुलानं लक्षात ठेवावं. अशा कामावर लगेच घर चालत नाही. सुरुवातीला लग्नाच्या ऑर्डरी घ्याव्या लागतील, त्यात कमीपणा मानू नये.

बारावीनंतर बीएफए, म्हणजे ललित कलेच्या पदवीसाठी राज्याची सीईटी आहे. एनआयडी (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) या संस्थेचा फोटोग्राफी डिझाइन अभ्यासक्रम पदवीनंतरचा आहे. इंजिनिअरिंगला बळजबरीनं घालू नका, एवढंच स्पष्ट सांगते.

त्याला मी समजावणार नाही. कॅमेरा बाहेर काढा आणि येत्या रविवारी त्याच्याबरोबर जा. आजी कुठल्या उंबऱ्यावर सूप घेऊन बसायची, ते दाखवा. आणि ज्या बायकांचे फोटो काढले, त्यांना विचारून काढले का, त्यांच्या हाती प्रिंट दिले का, हे त्याला विचारा. दिले नसतील तर आधी ते काढून न्या.