सुरक्षा समिती कागदावर राहू नये म्हणून

प्रश्न : रत्नागिरीजवळच्या एका मासळी प्रक्रिया कारखान्यात मी व्यवस्थापक आहे. कोळंबी सोलणाऱ्या बहुतेक स्त्रिया ठेकेदारामार्फत येतात. बाहेरच्या सल्लागाराकडून सुरक्षा कार्यक्रम तयार करून घेतला, हातमोजे वाटले, फलक लावले; तरीही हातमोजे कोणी घालत नाही आणि सुरक्षा समितीच्या बैठकीत कामगार गप्प बसतात. त्यांना सहभागी कसे करून घ्यावे? सूचना मागवल्या तर मजुरीवाढीच्याच मागण्या येतील, अशी मालकांना धास्ती आहे.

उत्तर : आपल्याकडे कार्यक्रम आधी ठरला आणि कामगारांना विचारण्याची वेळ नंतर आली, हे आपल्या पत्रावरूनच दिसते. हातमोज्यांचेच पाहा. बर्फाच्या पाण्यात तासन्‌तास हात घालून कोळंबी सोलताना बोटे बधिर होतात, डोक्यावरचा काटा टोचतो, हे त्या स्त्रियांना कोणी शिकवायला नको. तरीही त्या हातमोजे काढून ठेवतात, कारण जाड रबरात साल चिमटीत येत नाही, कामाचा वेग घटतो आणि मजुरी किलोमागे असेल तर तो तोटा थेट त्यांच्या पदरी पडतो. म्हणून तीन-चार प्रकारचे हातमोजे आणून सोलणाऱ्या स्त्रियांनाच काही दिवस वापरू द्यावेत, त्या काळात त्यांची मजुरी सरासरीने द्यावी आणि निवड त्यांच्यावर सोपवावी. मालकांची धास्ती अगदीच निराधार नाही. मात्र किलोमागचा दर ज्या घाईला भाग पाडतो, त्या घाईची चर्चा टाळून सुरक्षेची चर्चा पुरी होणार नाही.

अमोनियाच्या शीतकरण यंत्रणेबाबत तर कामगारांचे म्हणणे अधिकच मोलाचे आहे. वायुगळती झाल्यास वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे वारा येतो त्या बाजूला, जमायचे असते, आणि आपल्या किनाऱ्यावर दुपारी खारे वारे समुद्राकडून, तर रात्री व पहाटे मतलई वारे जमिनीकडून वाहतात; पावसाळ्यात नैर्ऋत्येचा जोर असतो. जमण्याची एकच जागा नकाशावर कायमची ठरवून टाकणाऱ्याच्या हे ध्यानात येईलच असे नाही, पण मासेमारी करणाऱ्या घरातील कामगाराला ते सांगावे लागत नाही. कोणते दार रात्रपाळीत बाहेरून बंद असते, हेही रात्रपाळीचे कामगारच सांगतील. सराव त्याच पाळीत घ्यावा.

धोकादायक प्रक्रिया वा पदार्थ असलेल्या कारखान्यांसाठी, 1984 च्या भोपाळ दुर्घटनेनंतर 1987 च्या दुरुस्तीने कारखाने अधिनियमात कलम 41-जी (41G) आले आणि सुरक्षा समितीत कामगार व व्यवस्थापन यांचे प्रतिनिधी समसमान असावेत असे ठरले. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेतही कामगार प्रतिनिधींची संख्या मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी नसावी, अशी तरतूद आहे. संख्या जुळवणे सोपे असते. प्रतिनिधी कोणी निवडले, हा खरा प्रश्न आहे. मुकादमाने नेमलेली व्यक्ती मुकादमासमोर काय बोलणार? ठेक्यावरील स्त्रियांनी आपली प्रतिनिधी स्वतः निवडावी, बैठक कामाच्या वेळेत व भरपगारी व्हावी, तिचे इतिवृत्त मराठीत लावावे आणि परप्रांतीय कामगारांना ते त्यांच्या भाषेत वाचून दाखवावे.

प्रत्येक सूचनेपुढे निर्णय, जबाबदार व्यक्ती आणि मुदत लिहावी; सूचना नाकारली असल्यास कारणही लिहावे. थोडक्यात टळलेल्या अपघाताची खबर देणाऱ्याची मजुरी कापली जाणार नाही, हे मालकांनी स्वतः, ठेकेदाराच्या उपस्थितीत, पहिल्याच बैठकीत सांगावे.